समुद्री गवत लावायला गाव पाहिजे की नुसते मजूर?

मनोऱ्याचा_प्रवासी: डिसेंबरात तंजावरहून मनोऱ्याला जाऊन आलो. नेपोलियन हरला म्हणून आपल्या सरफोजी राजांनी समुद्राकाठी बांधलेला आठमजली मनोरा (हो, खरंच त्यासाठी!). समोर पाल्क उपसागराचं उथळ पाणी आणि त्याखाली समुद्री गवत, शेवाळ नव्हे हो, मुळं असलेली, पाण्याखाली फुलणारी वनस्पती. ते खाऊन डुगाँग जगतो, तिकडचे लोक त्याला कडल पसु म्हणजे समुद्रगायच म्हणतात, दिवसाला ३०-४० किलो फस्त करतो. २०२२ ला तंजावर-पुदुकोट्टैचं ४४८ चौ.किमी. पाणी डुगाँगसाठी राखीव झालं. उखडलेल्या पट्ट्यांत बांबूच्या चौकटीला काथ्याच्या दोऱ्या बांधून गवताचे तुकडे लावायचे प्रयोगही तिकडे झालेत, मच्छीमारांना हाताशी घेऊन. मस्त वाटतं ऐकायला. पण माझं म्हणणं, रोजंदारीवर चौकटी बुडवून घेणं म्हणजे लोकसहभाग नाही. कुठे लावायचं आणि मग तिथे जाळं कुणी टाकायचं नाही हे गावाने ठरवलं पाहिजे.

उथळ_पाणी: सॉरी, पण गावसभेत हात वर करून गवत उगवत नाही. ऊन किती खोल पोचतं, गाळ किती, प्रवाह कसा यावर ते जगतं. अमेरिकेत व्हर्जिनियाच्या खाड्यांमधलं गवत १९३०च्या दशकात रोगाने आणि १९३३च्या वादळाने साफ गेलं. पाणी चांगलं होतं, फक्त बी यायला वाव नव्हता. मग शास्त्रज्ञांनी जागा निवडल्या, स्वयंसेवकांनी बिया गोळा करायला मदत केली, वीसेक वर्षांत सात कोटींच्या वर बिया टाकल्या आणि दोनशे हेक्टरवर पेरलेलं ३,६०० हेक्टरवर पसरलं. जागा ठरवायला मतदान नव्हतं घेतलं कुणी.

रापणकार_मालवण: तिकडे रोज त्याच पाण्यात जाळं टाकून पोट भरणारे किती होते भाऊ? आमच्याकडे १९८७ ला सागरी अभयारण्य जाहीर झालं, साधारण २९ चौ.किमी. लोक वर्षानुवर्षं विरोधात, कारण नकाशा आधी आला आणि माणसं मागाहून आठवली. आता कोणी प्रवाळ नाहीतर गवत वाचवूया म्हणत आला की पहिला प्रश्न येतो, "म्हणजे होडी बंद काय?" हा संशय घालवायला किती वर्षं लागतील ते तुमच्या शास्त्रज्ञाला विचारा.

काटेकोर: दोघांचंही चुकतंय. लावायचंच कशाला? पाल्कमध्ये ट्रॉलर बोटींची ओढजाळी तळ खरवडत जातात. किनाऱ्यापासून तीन सागरी मैलांत यायचं नाही असा तामिळनाडूचा १९८३चा कायदा आहे, आठवड्यातले तीन दिवस ट्रॉलरचे आणि चार छोट्या होड्यांचे अशी वाटणी पण आहे, तरी जाळं आत येतंच. ते थांबवा, गवत आपलं आपण पसरेल. नाहीतर सकाळी चौकट बुडवा आणि रात्री ट्रॉलर ती घेऊन जाईल, फोटो तेवढे राहतील 😀

मनोऱ्याचा_प्रवासी: @काटेकोर थांबवा म्हणणं सोपंय, पण ट्रॉलरवाला पण तिथल्याच किनाऱ्याचा, कर्ज डोक्यावर. २०१७ ला, ट्रॉलर सोडून खोल समुद्रात जावं म्हणून बोटींची योजना आली, एक बोट ८० लाखांची, मोठी सबसिडी, तरी बरेच जण गेले नाहीत. गाव म्हणजे एक मत नसतं हे मान्य. आणि @उथळ_पाणी, ऊन-गाळाचं पण मान्य, जिथे जगणारच नाही तिथे गाव म्हणतंय म्हणून लावू नये. पण जगेल अशा पाच जागा असतील तर त्यातली कुठली, हे तरी विचाराल की नाही?

उथळ_पाणी: पाच असतील तर विचारू. बहुतेक वेळा एकच असते, आणि नेमकी तिथेच कुणाची तरी जाळी असतात.

मनोऱ्याचा_प्रवासी: @रापणकार_मालवण एक विचारू का, राग मानू नका. रापण, म्हणजे तुमचं किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ते पण तळावरूनच ओढतात ना? मग गवत असेल तर तुमच्याच जाळ्यात नाही येणार?

रापणकार_मालवण: येतला तर. राग कसला, खरं आहे ते. एवढी माणसं दोर ओढून दमलेली आणि जाळ्यात मासळीपेक्षा पालाच जास्त, मग निवडत बसायचं शिव्या घालत. म्हणून तर सांगतोय, रापण कुठे लागते ते आधी विचारा, मी स्वतः येऊन दाखवतो, त्याच्या पलीकडे लावा. न विचारता बांबू ठोकलात तर पहिल्या ओढीतच जाळं फाटणार, आणि ते शिवायचं कोणी?

काटेकोर: शिवायचा खर्च प्रोजेक्टमध्ये धरा 😀 सिरियसली, धरतात का कुठे?