नुसत्या ‘७.६२’ वरून ओळख पटत नाही

नळीवर ‘७.६२’ कोरलेल्या एका जुन्या रायफलीची ओळख येथे विचारली आहे. ती दुसऱ्या महायुद्धातील जर्मन माउझर ९८के आहे हे मान्य. परंतु एवढ्या आकड्यावरून ती इस्रायलमध्ये नाटो काडतुसासाठी रूपांतरित झाली असावी, हा दुसऱ्या एका उत्तरातील निष्कर्ष मला घाईचा वाटतो. मूळ ७.९२ × ५७ (गोळीचा ढोबळ व्यास × कवचाची लांबी, मिमीमध्ये) काडतुसाच्या बुडाचा व्यास सुमारे १२ मिमी असतो आणि ७.६२ × ५१ नाटो व अमेरिकी .३०-०६ या दोन्ही काडतुसांचाही तेवढाच असल्यामुळे बोल्टचे (काडतूस नळीत ढकलणाऱ्या सरकत्या दांड्याचे) तोंड न बदलता नवी नळी बसवणे शक्य होते. त्यात .३०-०६ चे मेट्रिक नाव ७.६२ × ६३, त्यामुळे नॉर्वेने या काडतुसासाठी बदलून घेतलेल्या रायफलींवरही ‘७.६२’ आढळते. गोंधळाचे मूळ हेच.

म्हणून रिसीव्हरच्या (नळी व बोल्ट ज्यात बसतात त्या धातूच्या भागाच्या) पुढील कड्याची, काडतुसे भरण्याच्या तोंडाकडील कडा नीट पाहावी. .३०-०६ ची गोळीसह एकूण लांबी मूळ काडतुसापेक्षा जवळपास ३ मिमी जास्त असल्याने नॉर्वेत तेथे खाच पाडलेली असे. नाटो काडतूस उलट आखूड, त्याला तिची गरजच नाही. इस्रायली रायफलींच्या लाकडी दस्त्यावर मोठ्या आकारात ‘७.६२’ डागलेले दिसते, पण दस्ते बदलले जातात, तेव्हा तो पुरावा दुय्यम मानावा.

अंतिम खात्री जाणकार बंदूक-कारागिराकडून चेंबरचा (नळीतील काडतूस बसण्याच्या पोकळीचा) साचा काढूनच होईल. काडतूस झाडून पाहण्याचा विचारही करू नये, कारण .३०-०६ च्या चेंबरमध्ये आखूड नाटो काडतुसाच्या खांद्याला (कवच निमुळते होते त्या भागाला) आधार मिळत नाही आणि त्याचे कवच फाटू शकते.