उत्तरेची भिंत आणि गुरुवारची हद्दबस्त

देसाई, प्लॉट ६: सगळ्यांनी नीट बघा. सर्व्हेच्या जुन्या टिपणाचा, म्हणजे मोजणीच्या कच्च्या नोंदीचा फोटो टाकलाय. आपल्या लेआऊटची उत्तर बाजू १२–६ आहे. मोजणीच्या १२.६ साखळ्या गुणिले ३३ फूट म्हणजे ४१५.८ फूट. टेप लावली तर भरते ४०८ फूट १० इंच! पूर्वेच्या मळेवाल्यानं सात फूट खाल्ली आणि कमिटी गप्प बसलीय.

सेक्रेटरी: नमस्कार देसाईकाका. कमिटी गप्प नाही. हद्दबस्तचे, म्हणजे सरकारी हद्दमोजणीचे पैसे भरलेत, सर्व्हेयर गुरुवारी येणार. तोवर मळेवाल्याशी कुणी वाद घालू नये ही विनंती.

प्लॉट ११: साखळी ६६ फुटांची असते ओ. इंजिनिअरिंगला तसंच शिकवतात. मग ८३१ फूट झाली.

काकू, प्लॉट ९: मग मारुतीच्या देवळापर्यंत आपलंच की 😄

कुलकर्णीकाका, प्लॉट १४: दोन्ही हिशोब चुकलेत. ६६ फुटांची ती गंटरची साखळी. तिला १०० कड्या, एक कडी ७.९२ इंचांची. आपला भाग आता कर्नाटकात असला तरी १९५६ पर्यंत मुंबई राज्यात, त्यामुळं टिपण मुंबई पद्धतीचं. त्यात साखळी ३३ फूट आणि तिचे १६ आणे. एक आणा म्हणजे २ फूट पाऊण इंच. १२–६ हे १२ साखळ्या ६ आणे. १२ × ३३ = ३९६. ६ × २.०६२५ = १२.३७५. बेरीज ४०८.३७५, म्हणजे ४०८ फूट साडेचार इंच.

देसाई, प्लॉट ६: टिपणात १२.६ स्पष्ट दिसतंय. ४१५.८ येते.

कुलकर्णीकाका, प्लॉट १४: त्याच फोटोत पश्चिम बाजू ९–१४ आहे ती बघा. दशांश धरला तर चौदा हे सहापेक्षा कमी ठरतील. आण्यात सोळा पुरे झाले की पुढची साखळी, म्हणून आण्यांच्या जागी १५ च्या वरचा आकडा टिपणात सापडायचा नाही.

आता क्षेत्रावरून ताळा करा. ३३ × ३३ = १०८९ चौरस फूट, म्हणजे बरोबर एक गुंठा. म्हणून साखळीला साखळीनं गुणलं की थेट गुंठे मिळतात. आपला तुकडा काटकोनी आहे: १२.३७५ × ९.८७५ = १२२.२ गुंठे. ४० नं भागा, ३ एकर २ गुंठे ३ आणे (गुंठ्याचेही सोळाच आणे). आकारबंद (सर्व्हे नंबरचं क्षेत्र आणि सारा यांची सरकारी नोंद) आणि उतारा दोन्हीत हेच आहे. तुमच्या दशांशानं ११५ गुंठेच भरतात. भिंत वाढवायच्या नादात सात गुंठे आपणच सोडतोय.

प्लॉट ११: ओके काका, ३३.

प्लॉट ३: प्लॉट ४ ची गाडी परत गेटसमोर. किती वेळा सांगायचं?

प्लॉट ४: पाच मिनिटं उभी केली तर लगेच ग्रुपवर? तुमच्या पाहुण्यांच्या गाड्या रात्रभर असतात तेव्हा आम्ही काही बोललो का?

सेक्रेटरी: कृपया विषयावर बोला.

प्लॉट ८: काका, आमची महाराष्ट्रातली चंदगडकडची शेती सातबाऱ्यावर हेक्टर-आरमध्ये आहे. आर आणि गुंठा एकच ना?

कुलकर्णीकाका, प्लॉट १४: नाही. आर १०० चौरस मीटर, गुंठा १०१.१७. एका हेक्टरचे ९८.८४ गुंठे होतात. १०० धरून व्यवहार केलात तर हेक्टरमागं सुमारे १२६० चौरस फुटांचा घोळ, म्हणजे तीस बाय चाळीसच्या प्लॉटाहून जास्त. सीमेपलीकडचा उतारा आणि इकडचा उतारा शेजारी ठेवून बोलणी करताना हे हमखास होतं. आधी दोन्ही चौरस मीटरमध्ये आणा.

देसाई, प्लॉट ६: लेआऊटच्या नकाशात उत्तर बाजू १२४.४७ मीटर आहे. ०.३ नं भागा. ४१५ च येते! आता काय म्हणता?

कुलकर्णीकाका, प्लॉट १४: फूट म्हणजे ०.३०४८ मीटर. ०.३ धरलं की शंभर फुटांमागं दीड फुटापेक्षा जास्त चुकतं. नीट भागा, ४०८.३७ येतात. नकाशा आणि टिपण एकमेकांशी जुळतात.

देसाई, प्लॉट ६: मग टेप ४०८ फूट १० इंच कशी दाखवते? तिथं तरी फरक आहे की नाही?

प्लॉट ५, ठेकेदार: आहे, साडेपाच इंच. टेप लागली कशी ते आठवा. मधे पपईची झाडं, त्यामुळं रेघ वाकडी. दोन ठिकाणी टेप लोंबत होती. टेप वाकली किंवा लोंबली की माप नेहमी जास्तच येतं. ताणून लांब झालेली जुनी कापडी टेप उलट कमी दाखवते. उतारावर टेप जमिनीवर पसरली तरी माप वाढतं, १० अंशांच्या चढाला शंभरामागं दीड फूट. टेप आडवी समपातळीत धरायची आणि ओळंब्यानं खाली उतरवायची.

काकू, प्लॉट ९: म्हणजे मळेवाल्यानं काही खाल्लं नाही. परवा त्याला नाही नाही ते बोलून झालं आपलं.

देसाई, प्लॉट ६: कोण काय बोललं ते मला माहीत आहे काकू. मी दगडावरून मोजल्याशिवाय मानणार नाही.

कुलकर्णीकाका, प्लॉट १४: तो हट्ट मात्र बरोबर आहे देसाई. भिंत बिल्डरनं उभी केली, हद्दीचा दगड सर्व्हेतला. भिंतीच्या कोपऱ्यावरून काही ठरत नाही. ईशान्येचा दगड झुडपात गाडला गेलाय, तो गुरुवारच्या आधी मोकळा करा, पण हलवू नका. सर्व्हेयर मीटरमध्ये आकडा देईल, तो १२४.४७ शी ताडून बघा. शेजारच्या सर्व्हे नंबरचं टिपणही मागून घ्या, सामाईक बाजू दोन्हीत सारखी भरायला पाहिजे.

सेक्रेटरी: शेजारचं टिपण उद्या एडीएलआर (भूमी अभिलेख) ऑफिसात मागतो. झुडप काढायला कोण येणार?

देसाई, प्लॉट ६: मी. सकाळी सातला. कोयता कुणाकडं आहे?

प्लॉट ४: माझ्याकडं आहे, मीही येतो.