'मुडद्या' ही शिवी धरायची का?

गोदाकाठ (पैठण तालुका)
१ मेच्या ग्रामसभेत आमच्या गावात शिवीबंदीचा ठराव यायचाय आणि मसुदा लिहायचं काम माझ्याकडं आलंय. गोदावरीच्या पलीकडं, नेवासे तालुक्यातल्या सौंदाळा गावानं नोव्हेंबर २०२४ मध्ये आईबहिणीवरून शिवी देणाऱ्याला ५०० रुपये दंड ठरवला, तसंच काहीसं. पण मी शब्दापाशी अडलोय. 'आईबहिणीवरून' एवढंच लिहिलं तर भांडणातले निम्मे शब्द सुटतात. 'अर्वाच्य' लिहिलं तर ठरवायचं कुणी? परवा पारावर मसुदा वाचला, तर एका आजीनं विचारलं, "मुडद्या म्हनलं तरी बी पाचशे का?" मला उत्तर देता आलं नाही. भाड्या, मुडद्या, रांडंच्या यांतलं काय यादीत घालू?

काळीमाती (परभणी)
मुडद्या ही शिवीच नाही, तो शाप आहे. शिवीत समोरच्याचं कूळ काढतात, शापात मरण मागतात. 'तुझा मुडदा बशिवला', 'पटकी (कॉलरा) आली तुला', 'मरीआईनं नेलं' हे सगळे एका घरातले. आमची आजी आम्हा नातवंडांना दिवसातून दहा वेळा म्हणायची, "मुडद्या, कुठं मेला होतास इतका येळ?" आणि लगेच ताटात भाकर वाढायची. धाकटा काका विहिरीत बुडून गेला, त्या दिवसापासून तिनं तो शब्द परत उच्चारला नाही. राग आला की नुसती "आरं बाबा" म्हणायची. म्हणजे अर्थ तिला पहिल्यापासून ठाऊक होता. यादीत घालू नका, पण निरुपद्रवी आहे असंही म्हणू नका.

भाषासेवक (छत्रपती संभाजीनगर)
मुळात 'मुडदा' आपला नाहीच, फारसी 'मुर्दा'. हरामखोर, बदमाश, नालायक हेही बाहेरचे. निजामाच्या अमलात हे सगळं आपल्या तोंडी बसलं. आताची पोरं तर शिवीलाही 'गाली' म्हणतात. शुद्ध मराठी बोला, निम्म्या शिव्या आपोआप गळून पडतील.

बालाघाट (अंबाजोगाई)
हे मला अजिबात पटत नाही. शिलाहारांच्या काळातले गद्धेगाळ, म्हणजे शाप कोरलेले दगड, पाहा. वर चंद्र-सूर्य, खाली गाढव आणि बाई. दान मोडेल त्याच्या आईला गाढव लागो, असं दगडावर कोरलेलं. तेव्हा निजाम कुठं होता? आणि त्या नावातलं 'गाळ' म्हणजेच शिवी. संस्कृतात 'गालि', आपल्याकडं 'गालिप्रदान'. तेव्हा 'गाली'ला परकी म्हणू नका. उलट 'शिंच्या' हा सोवळा समजला जातो, तो 'शिंदळीच्या'च झिजून झालेला. 'भाड्या'तली भाड म्हणजे बाईच्या कमाईतला दलालाचा वाटा. झिजलेल्या शब्दाला दंड नाही आणि अख्ख्याला आहे, हा कुठला न्याय?

लातूरची लेक
तुमच्या दगडावरही आईच आहे, हे लिहिताना कुणाला खटकलं नाही?
रांड म्हणजे विधवा. संस्कृतातही तेच. माझी आई एकतिसाव्या वर्षी रांडावली. शाळेत एका पोरानं मला 'रांडंची' म्हटलं. घरी येऊन आईला अर्थ विचारला. ती म्हणाली, "खरंच आहे बाई, मी रांडावच हाय." मला शिवी शब्दकोशात कळली नाही, तिच्या चेहऱ्यावर कळली. 'रांडंच्या आम्ही प्रेमानं म्हणतो' हे मी खूप ऐकलंय. प्रेमानं म्हणणाऱ्यानं एकदा विधवेच्या दारात उभं राहून म्हणून दाखवावं. गोदाकाठदादा, तो शब्द यादीत पहिला घाला.

परभणीकर
ताई, तुमचं दुःख मान्य. पण शब्दावर बंदी घालून राग जात नाही. आमचे वडील औत हाकताना दिवसभर बैलाला शिव्या द्यायचे. बैलाला आईबहीण काय कळणार, त्याला आवाजाचा चढ कळतो. त्याच बैलाच्या खांद्याला पोळ्याच्या आदल्या, खांदमळणीच्या संध्याकाळी वडील हळद आणि तूप चोळायचे, तेव्हा त्यांच्या तोंडून शब्दच फुटायचा नाही. त्यांचा जीव कुठं होता हे मला त्या हातांवरून कळायचं.

लातूरची लेक
बैलाला कळत नाही. ज्वारी काढायला आलेल्या बाईला कळतं. ती बांधावरच असते.

गोदाकाठ
'रांडंच्या' घातला. 'भाड्या'ही घालतोय. मुडद्याचं काय ते अजून सांगा, ग्रामसेवकाला परवा मसुदा द्यायचाय.

भाषासेवक
काळीमातींनी 'पटकी' लिहिलंय. माणूस पटकन जायचा म्हणून पटकी, असं माझे आजोबा सांगत. अस्सल मराठी शब्द!

बालाघाट
ऐकायला छान, म्हणून खरी व्युत्पत्ती होत नाही. पुरावा काय?

काळीमाती
आमच्याकडं पटकीला वाखा पण म्हणत. 'तुजा वाखा झाला' हाही शाप होता. कळंब, भूम, परांड्याकडं कोणता ऐकलाय कुणी?