शुद्ध आलेली नाही, तरी कवटीचं हाड बसवावं का?

प्रश्न (फिजिओ, राजारामपुरी)
रुग्ण ३४ वर्षांचा. अपघातानंतर उजवीकडचं हाड काढून पोटाच्या कातडीखाली ठेवलंय, त्याला १० आठवडे झाले. ट्रॅकिओस्टॉमी (श्वासासाठी घशात बसवलेली नळी) आहे, डोळे उघडतो, पण सांगितलेलं करत नाही. टिल्ट टेबलवर (रुग्णाला बांधून हळूहळू उभं करायचा पलंग) ६० अंशांना नेलं की हाडाची जागा खोल जाते आणि नजर हरवते. आडवा केला की परत बघायला लागतो. घरचे म्हणतात, शुद्ध येऊ दे, मग हाड बसवू. थांबावं का?

न्यूरोसर्जन, कोल्हापूर
हे उलटं झालं की! उभं केल्यावर खालावतो, म्हणजे हाड नसणंच त्याला मागे ओढत असावं. बाहेरच्या हवेचा दाब कातडीवरून थेट मेंदूवर येतो आणि रक्तपुरवठा व मेंदूभोवतीच्या पाण्याचा प्रवाह, दोन्ही बिघडतात. ही गोष्ट १९३९ पासून वैद्यकात नोंदलेली आहे. सूज उतरली असेल, संसर्ग नसेल, तर आता थांबण्यात अर्थ नाही. पोटातलं हाडही जितकं रेंगाळेल तितकं झिजण्याची भीती. मात्र 'लवकर केलं की फायदा' हे बरंचसं जुन्या नोंदी चाळून निघालेलं आहे, आणि लवकर ऑपरेशनला जातात ते मुळात बरे असलेले रुग्ण, हे विसरू नका. हाड बसवलं की बोलायला लागेल, असं घरच्यांना सांगू नये.

जागा फुगलेली असती तर गोष्ट वेगळी. मग आधी सीटी, मेंदूत पाणी साचलंय का ते बघायचं आणि त्याचा बंदोबस्त करायचा. शंट (मेंदूतलं जास्तीचं पाणी वाहून नेणारी नळी) असेल आणि खड्डा खोल असेल तर व्हॉल्व्हचा दाब वाढवून खड्डा थोडा भरू द्यायचा. नाहीतर हाडाखाली पोकळी राहते आणि तिथे रक्त साचतं.

न्यूरो आयसीयू सिस्टर
ऑपरेशन पुढे जातं ते बहुतेक वेळा संसर्गापायी. घशातल्या नळीच्या स्रावाचं आणि लघवीचं कल्चर (जंतूंची तपासणी), एमआरएसए या औषधांना दाद न देणाऱ्या जंतूसाठी नाकाचा स्वॅब, पाठीवरचं बेडसोअर, हिमोग्लोबिन, अल्ब्युमिन (रक्तातलं प्रथिन) हे आधीच बघून ठेवा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर सर्जनला सांगा, मनाने बंद करू नका. तोवर रुग्णाला उठवून बसवताना हेल्मेट घाला आणि उजव्या कुशीवर झोपवू नका.

फिजिओ, राजारामपुरी
ऑपरेशनआधीची नोंद कशी ठेवू? नंतर फरक पडला की नाही, यावरून वाद नको.

न्यूरोसर्जन, कोल्हापूर
सीआरएस-आर, म्हणजे शुद्ध किती आहे ते मोजायची तपासणी, एकूण २३ गुण. एकदा तपासून भागत नाही, शुद्ध तासातासाला बदलते. दोन आठवड्यांत किमान ५ वेळा, वेगवेगळ्या वेळी करा. झोपेचं औषध किंवा बॅक्लोफेन (स्नायूंचा ताठरपणा कमी करणारं औषध) दिल्यावर लगेच नको. नजर फिरते का ते बोटाने नाही, हातातल्या आरशाने बघा. आरशामागे नजर जाते पण बोटामागे जात नाही, असे रुग्ण असतात. प्रत्येक वेळी डोकं किती अंशांवर होतं तेही लिहा, तुमच्या रुग्णात सगळी गोम तिथेच आहे.

ऑपरेशननंतर ड्रेनला (साचलेलं रक्त बाहेर काढणारी नळी) जोराचं सक्शन नको, त्याने क्वचित मेंदूला जीवघेणी सूज येते. २४ तासांत सीटी. आधी बघत होता तो बघेनासा झाला किंवा आचके आले, तर पुढच्या राऊंडची वाट बघायची नाही.