विषय: ईलाय मॅनिंगचे 117–117

मेघना | शनिवार, 25 जानेवारी 2020

नमस्कार मंडळी,

न्यूयॉर्क जायंट्स या अमेरिकन फुटबॉल संघाचा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून हल्ला चालवणारा खेळाडू, ईलाय मॅनिंग याने काल निवृत्ती जाहीर केली. जायंट्सवाले एका दमात हळहळतात आणि त्याच दमात "सुटलो बुवा" असंही म्हणतात. रेग्युलर सीझनमधला (साखळी सामन्यांतला) त्याचा हिशेब 117 विजय, 117 पराभव. एवढ्यावर 10 नंबरची जर्सी कायमची बाजूला ठेवणार? मला क्रिकेट कळतं, हा खेळ जेमतेम. जाणकारांनी जरा उलगडून सांगा.

शिरीष | शनिवार, 25 जानेवारी 2020

मेघना, बेरीज बरोबर आहे, पण ती मधोमध फोडून बघ. 2004 ते 2011 या काळात 69–50, आणि 2012 ते 2019 मध्ये 48–67. एकाच माणसाच्या दोन वेगळ्या कारकीर्दी आहेत या.

शिवाय सामन्याचा निकाल क्वार्टरबॅकच्या खात्यावर टाकायची रीतच मुळात फसवी आहे. समोरचा संघ चेंडू घेऊन येतो तेव्हा हा बाकावर बसलेला असतो. 2015 घे. 35 टचडाउन (गुण मिळवून देणारे पास), 14 इंटरसेप्शन (समोरच्यांनी मधेच पकडलेले पास), म्हणजे त्याच्या उत्तम वर्षांपैकी एक. पण त्या वर्षी जायंट्सच्या डिफेन्सने समोरच्यांना लीगमध्ये सर्वांत जास्त यार्ड पुढे सरकू दिलं. निकाल 6–10. यात ईलायने आणखी काय करायचं?

जर्सीचं म्हणशील तर ती दोन मोसमांसाठी आहे, 2007 आणि 2011. त्या दोन प्लेऑफमध्ये (बाद फेरीत) मिळून आठ सामने, आठही जिंकले. 15 टचडाउन, फक्त 2 इंटरसेप्शन. दोन्ही सुपर बोलमध्ये (अंतिम सामन्यांत) समोर पेट्रियट्सचा क्वार्टरबॅक ब्रेडी आणि प्रशिक्षक बेलिचिक, दोन्हींत सामनावीर ईलाय. पहिल्या वेळी पेट्रियट्स 18–0 होते, त्यांना 17–14 ने पाडलं.

वर्षा | शनिवार, 25 जानेवारी 2020

शिरीषकाका, पोरीला अर्धंच चित्र दाखवताय. प्लेऑफमधले त्याचे सगळे विजय त्या दोनच वर्षांत आहेत. उरलेल्या चार वेळा पहिल्याच सामन्यात घरी. त्यातला 2005 च्या मोसमातला कॅरोलायनाविरुद्धचा 0–23, तीन इंटरसेप्शन.

आणि ज्या 2007 चं एवढं कौतुक, त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये मिनेसोटाविरुद्ध घरच्या मैदानावर चार इंटरसेप्शन, त्यातले तीन थेट टचडाउन होऊन परत आले! इंटरसेप्शनमध्ये तो तीन वेळा लीगमध्ये अव्वल होता: 2007 मध्ये 20 (बरोबरीत), 2010 मध्ये 25, 2013 मध्ये 27. एकूण 366 टचडाउनला 244 इंटरसेप्शन. हे डिफेन्सच्या माथी नाही मारता येणार.

2007 च्या मोसमातल्या सुपर बोलमधला, हेल्मेट कॅचच्या (हेल्मेटवर दाबून धरलेल्या त्या झेलाच्या) आधीचा डाव बघा एकदा. पेट्रियट्सचा असांटे सॅम्युएल उडी मारतो, चेंडू त्याच्या हाताला लागून बाहेर जातो. तो पकडला असता तर पेट्रियट्स 19–0, आणि ही चर्चाच झाली नसती.

शिरीष | रविवार, 26 जानेवारी 2020

वर्षा, सॅम्युएलचं मान्य. पण तो सुटल्यावर पुढे काय झालं तेही सांग ना. थर्ड अँड 5 (तिसरा प्रयत्न, 5 यार्ड हवेत), स्वतःच्या 44 यार्डांवर, 1:15 मिनिटं शिल्लक. पेट्रियट्सचे जार्व्हिस ग्रीन आणि रिचर्ड सीमोर, दोघांच्या मुठीत त्याची जर्सी. खरं तर तिथे सॅकच (चेंडू हातात असतानाच खाली पाडला जाणं) व्हायचा. हा त्यातून निसटून मागे पळाला, पाय रोवले आणि मैदानाच्या मध्यावर फेकला. जायंट्सच्या टायरीने हेल्मेटवर दाबून धरला, 32 यार्ड. 35 सेकंद उरले असताना सहकारी बरेसला 13 यार्डांचा टचडाउन. पकडणं टायरीचं, पण निसटणं ईलायचं. आणि तोही काही चपळ म्हणून प्रसिद्ध नव्हता!

इंटरसेप्शनबद्दल. मेघनासाठी सविस्तर लिहितो, कारण टीव्हीवर हे दिसत नाही. 2013 पर्यंत हल्ल्याची आखणी केव्हिन गिलब्राइडकडे होती. त्याच्या पद्धतीत रिसीव्हरचा (पास पकडणाऱ्याचा) रूट, म्हणजे धावायचा मार्ग, आधी पक्का नसतो. धावता धावता तो मागचे सेफ्टी (बचावातले शेवटचे खेळाडू) बघतो. दोन सेफ्टी फाकून उभे असतील तर त्यांच्या मधून आत घुसायचं, मध्ये एकच असेल तर थांबून वळायचं किंवा बाहेर तोडायचं. क्वार्टरबॅकनेही तेच वाचायचं, आणि रिसीव्हर वळायच्या आधी चेंडू हातातून सोडायचा. दोघांचं जुळलं तर बचावाकडे उत्तर नाही. 2011 मध्ये क्रूझ आणि निक्स या रिसीव्हरांसोबत ते जुळलं: 4,933 यार्ड, चौथ्या क्वार्टरमध्ये 15 टचडाउन, तो विक्रमच. नाही जुळलं तर रिसीव्हर एकीकडे, चेंडू दुसरीकडे, आणि तिथे सेफ्टी आयता उभा. प्रेक्षकाला वाटतं, हा आंधळा फेकतो की काय.

2014 मध्ये गिलब्राइडच्या जागी मॅकअडू आला. आखूड, ठरलेले, पटकन सोडायचे पास. इंटरसेप्शन 27 वरून 14 वर आले, पास पूर्ण होण्याचं प्रमाण 57.5 टक्क्यांवरून 63.1 वर गेलं. माणूस तोच, वय एक वर्षाने जास्त.

वर्षा | रविवार, 26 जानेवारी 2020

हे पटलं, पण सगळंच नाही. त्यातले कितीतरी इंटरसेप्शन पाय न रोवता, अंगावर माणूस आल्यावर मागे झुकून फेकलेले आहेत. चेंडू कवटाळून खाली बसायचं किंवा मैदानाबाहेर भिरकवायचं, हे त्याला सोळा वर्षांत धड जमलं नाही. गिलब्राइडला किती दोष देणार?

माझी खरी तक्रार शेवटच्या तीन वर्षांची आहे, आणि ती त्याच्यापेक्षा संघावर जास्त. 2017 मध्ये सलग 210 सामन्यांनंतर त्याला बसवलं. तेव्हा क्वार्टरबॅकांमध्ये त्याच्यापुढे फक्त ब्रेट फार्व्हचे सलग 297 होते. बसवलं ते जीनो स्मिथसाठी, भविष्यातल्या कुणासाठी नव्हे! क्रम टिकवायला सुरुवात तू कर, मग काढतो, असा प्रस्ताव होता. तो त्याने नाकारला, ते शोभलं त्याला. सामना हरले आणि दुसऱ्या दिवशी तोवर मुख्य प्रशिक्षक झालेला मॅकअडू आणि जनरल मॅनेजर रीस दोघेही घरी. मग अपराधी वाटल्यासारखा 2018 च्या ड्राफ्टमधला (नव्या खेळाडूंच्या निवडीतला) दुसऱ्या क्रमांकाचा पिक क्वार्टरबॅकऐवजी बार्कली या रनिंग बॅकवर (चेंडू घेऊन धावणाऱ्यावर) घालवला. बार्कली गुणी आहे, पण क्षणात कोसळणाऱ्या लाइनमागे (पुढच्या संरक्षक फळीमागे) रनिंग बॅक काय करणार? निष्ठेपायी पुनर्बांधणी लांबली. "सुटलो" म्हणणारे यालाच वैतागलेत.

मेघना | रविवार, 26 जानेवारी 2020

मग हॉल ऑफ फेम? आणि सॅन डिएगोच्या संघाकडून खेळायला नाही म्हणाला होता, त्याचं काय?

शिरीष | रविवार, 26 जानेवारी 2020

2004 च्या ड्राफ्टमध्ये सॅन डिएगोच्या चार्जर्सने पहिला पिक त्याच्यावर लावला आणि लगेच जायंट्सकडे दिला. बदल्यात क्वार्टरबॅक फिलिप रिव्हर्स आणि वर आणखी पिक, त्यातल्या 2005 च्या पहिल्या फेरीच्या पिकवर बचावपटू शॉन मेरिमन. चार्जर्सचं नुकसान झालं म्हणणाऱ्यांना हे सांग. आकड्यांत रिव्हर्स आजही पुढे आहे, पण सुपर बोलपर्यंत पोहोचलेला नाही.

हॉलसाठी पाच वर्षं थांबावं लागतं, म्हणजे 2025. माझं मत हो. एक सामना सुचवतो: जानेवारी 2012, सॅन फ्रान्सिस्को, जायंट्स 20–17, ओव्हरटाइम. त्या वर्षी संघाचा रनिंगचा हल्ला लीगमध्ये शेवटचा, त्यामुळे ईलायने 58 पास फेकले. सहा वेळा सॅक झाला, इंटरसेप्शन शून्य. हायलाइट्स नकोत, पूर्ण बघ.

वर्षा | रविवार, 26 जानेवारी 2020

तो सामना मलाही मान्य, काका. तरी हॉलला माझं मत नाही, निदान पहिल्या मतदानात तरी. क्वार्टरबॅक जिम प्लंकेटने रेडर्ससाठी दोन सुपर बोल जिंकले, एकात सामनावीर, रेग्युलर सीझन 72–72. तो अजून बाहेरच आहे. आधी त्याचं काय ते सांगा, मग ईलायचं बोलू.