भूकंपातून वाचलेल्या बाईचं दुःख कथेत कसं लिहू?

कोरापान: कथेतली बाई किल्लारीची. ३० सप्टेंबर १९९३, पहाटेचे चार वाजायला आलेले. आदल्या दिवशी गणपती विसर्जन, गाव दमून झोपलेलं. दगडमातीच्या जाड भिंती अंगावर आल्या, मुलगा गेला. मी लिहिलं, 'तिच्या काळजाचे तुकडे झाले'. मैत्रीण म्हणते, खोटं वाटतं. बाई आता साठीची दाखवायचीय.

वाळवण: मैत्रीण बरोबर आहे. तुकडे काढा.
माझी आत्या औसा तालुक्यातली, ढिगाऱ्यातून निघालेली. पुनर्वसनात सिमेंटचं घर मिळालं, तरी कित्येक पावसाळे अंगणात पत्र्याखालीच झोपली. अजून दाराला आतून कडी लावत नाही. ट्रक जवळून गेला नि मांडणीवरची भांडी वाजली की भाकरी थापणारा हात थांबतो, मग पुन्हा सुरू. माझ्या आतेभावाचं नाव घरात कुणी घेत नाही. तो 'त्या येळचा'. बस्स.

कोरापान: रडतात का?

वाळवण: दुसऱ्यांच्या लग्नात, हळदीला. भूकंपाचं विचारलं तर हिशेब सांगते: दोन म्हशी, ज्वारीची अमुक पोती. पोरगा त्या हिशेबात नसतो. (लहानपणी मला ती कोरडी वाटायची.)

तिठा: विसर्जन जपून वापरा हं. मूर्ती बुडाली, पोर गेलं, असं जुळवायचा मोह होतो.

कोरापान: झालाच होता. पहिलं वाक्यच ढोलताशांचं आहे. काढतो. आणि वाळवण, ती कडी कथेत घेतली तर आत्यांना चालेल का? विचाराल?

वाळवण: रविवारी जातोय, विचारतो.