मदत हवी आहे: हॉटस्पॉट ॲप नव्या अँड्रॉइडसाठी अपडेट करताना अडलोय

नमस्कार मंडळी,

नोकरी सांभाळून केलेलं माझं एक छोटं ॲप आहे. बटण दाबलं की हॉटस्पॉट चालू, ठरवलेला डेटा संपला की आपोआप बंद, एवढंच त्याचं काम. वापरणारे बहुतेक जिल्हा परिषद शाळांतले शिक्षक. वर्गातले टॅब स्वतःच्या मोबाइलवर जोडायचे आणि रोजचा दीड जीबी मधल्या सुट्टीआधीच उडायचा, म्हणून हा उद्योग. "हॉटस्पॉट फोनमध्येच असतो की, ॲप कशाला?" हे कृपया नको. २०१० च्या अँड्रॉइड २.२ पासून तो असतो, ठाऊक आहे. मर्यादेची सोयही काही फोनांत असते, पण आमच्या गुरुजींच्या फोनांत नाही.

आता नव्या फोनवर प्ले स्टोअरमध्ये ॲप दिसतच नाही, कारण टार्गेट एसडीके (ॲप अँड्रॉइडच्या कोणत्या आवृत्तीसाठी बनवलंय, तो आकडा) जुना. ३१ ऑगस्ट २०२५ पासून अपडेट टाकायचं तर हा आकडा, म्हणजेच टार्गेट एपीआय, ३५ (अँड्रॉइड १५) लागतो. तो वाढवला आणि सगळंच उसवलं.

जुना कोड रिफ्लेक्शनने (लपवलेला कोड नावाने शोधून चालवायची युक्ती) हॉटस्पॉट चालू करणारी सेट-वायफाय-एपी-एनेबल्ड ही लपवलेली मेथड बोलवायचा. अँड्रॉइड ८ ने ती वाट बंद केली. मग स्टार्ट-टेदरिंग (टेदरिंग म्हणजे फोनचं नेट दुसऱ्या उपकरणाला देणं) या दुसऱ्या मेथडच्या मागच्या दाराने काही वर्षं काढली. अँड्रॉइड ९ पासून अशा सगळ्या लपवलेल्या मेथडींवरच निर्बंध आले. आता काही फोनांवर चालतं, तर काहींवर लॉगमध्ये सिक्युरिटी एक्सेप्शन आणि खाली टेदर-प्रिव्हिलेज्ड परवानगीचं नाव. ती परवानगी साध्या ॲपला मिळत नाही, विषय संपला.

उरलेले मार्ग दोन, आणि दोन्ही अर्धवट.

पहिला: ॲपने फक्त सेटिंगमधला हॉटस्पॉटचा पडदा उघडून द्यायचा, बटण माणसाने दाबायचं. वापर मी नेटवर्क-स्टॅट्स-मॅनेजर (अँड्रॉइडची डेटावापर सांगणारी सोय) मधून यूआयडी-टेदरिंगचा, म्हणजे हॉटस्पॉटवरून गेलेल्या डेटाचा, आकडा घेऊन मोजतो. पण हा आकडा वेळेवर हलत नाही. टॅबवर व्हिडिओ सुरू आहे, माझा काटा जागच्या जागी, आणि थोड्या वेळाने एकदम उडी. माझा संशय हार्डवेअर ऑफलोडवर आहे. अँड्रॉइड ८ पासून टेदरिंगची डेटा-पाकिटं प्रोसेसरला न विचारता चिपमधूनच परस्पर पुढे जाऊ शकतात, आणि हिशेब मागाहून येतो. डेव्हलपर ऑप्शनमधलं टेदरिंग हार्डवेअर ॲक्सिलरेशन बंद केलं की माझ्या फोनवर काटा नीट चालतो. शिवाय मर्यादा आली तरी ॲप बंद काहीच करू शकत नाही, नुसती शिट्टी वाजवणार.

दुसरा: वायफाय डायरेक्टचा (राउटरशिवाय उपकरणं थेट जोडणारी सोय) ग्रुप उघडायचा आणि फोनवर प्रॉक्सी (टॅबची नेटची मागणी पुढे पोचवणारा मधला दलाल) चालवायचा. अँड्रॉइड १० पासून नाव (सुरुवात 'डायरेक्ट-'ने, ही अट) आणि पासवर्ड आपण ठरवू शकतो. प्रत्येक बाइट माझ्या हातातून जातो, त्यामुळे मोजणी चोख आणि तोडणंही सोपं. पण प्रत्येक टॅबवर फोनचा पत्ता १९२.१६८.४९.१ आणि प्रॉक्सीचं पोर्ट हाताने भरावं लागतं. ब्राउझर ऐकतो, बरीच ॲप्स प्रॉक्सीला जुमानत नाहीत.

तर प्रश्न असे:

१. ऑफलोड चालू असतानाही ताजा आकडा देणारी एखादी सार्वजनिक वाट आहे का? ट्रॅफिक-स्टॅट्स या दुसऱ्या मोजणीच्या सोयीतले मोबाइलचे एकूण बाइट वापरून कोणी पाहिलंय का? त्यात फोनचा स्वतःचा वापर मिसळतो, तो वजा कसा करता?

२. वायफाय डायरेक्टसाठी फोरग्राउंड सर्व्हिसचा (नोटिफिकेशन दाखवून चालू राहणारा ॲपचा भाग) प्रकार 'कनेक्टेड डिव्हाइस' दिला आहे. स्क्रीन बंद झाल्यावर काही फोन तरीही सर्व्हिस मारतात. बॅटरीची सूट मागण्यापलीकडे काही उपाय?

उत्तर देताना फोनचं मॉडेल आणि अँड्रॉइडची आवृत्ती लिहाच, नाहीतर "माझ्याकडे चालतंय"चा काही उपयोग होत नाही.

भर (प्रतिसाद वाचून): लोकल-ओन्ली हॉटस्पॉट सुचवणाऱ्यांसाठी, त्यातून इंटरनेट जात नाही, फोन आणि टॅब एकमेकांशी बोलतात एवढंच. शिझुकू (साध्या ॲपला जास्तीचे अधिकार मिळवून देणारं ॲप) चालतं, पण रूट (फोनवरचा पूर्ण ताबा) नसेल तर फोन रीस्टार्ट झाला की बऱ्याच फोनांवर वायरलेस डिबगिंगमधून ते पुन्हा सुरू करावं लागतं. मुख्याध्यापक बाईंना मी ते सांगणार नाही. टॅबवर छोटं व्हीपीएन ॲप टाकून सगळी वाहतूक प्रॉक्सीकडे वळवायची ही कल्पना मात्र पटली. अडचण एकच, बऱ्याच शाळांचे टॅब लॉक करून आलेत, बाहेरचं ॲप बसत नाही. अशा टॅबवर कोणी काही जमवलं असेल तर तेवढं आधी सांगा.